वजनाच्या ऑपरेशननंतरचा माणूस शोधताना: रजिस्ट्रीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरी लागून तीन आठवडे झाले होते आणि मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात भुसार दुकानासमोर उभी होते. सोबत एक काकू होत्या. नागपूरला त्यांचं स्लीव्ह नावाचं वजनाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि मला फॉर्ममध्ये वर्षाचं वजन भरायचं होतं. उपकेंद्रातला काटा १२० किलोपर्यंतचा. काकू त्यावर उभ्या राहिल्या की काचेवर नुसत्या रेघा यायच्या. भुसारवाल्याकडे सोयाबीनची पोती मोजायचा मोठा काटा होता. मला वाटलं, काय हुशारी सुचली आपल्याला! काकू चपला काढून काट्यावर चढल्या. हमालानं सवयीनं आकडा मोठ्यानं वाचला. ओट्यावर बसलेल्या चौघांनी तो ऐकला आणि त्यातला एक म्हणाला, "सव्वा क्विंटलच्या वर हाय जी माल."

मला आकडा अगदी अचूक मिळाला, १३१.४. त्यानंतर दोन वर्षं काकूंनी माझा फोन उचलला नाही.

या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे मला फोन येतात. बीएस्सी झालेली, नर्सिंग झालेली, आहारशास्त्र शिकलेली, एमएसडब्ल्यू करून गावाकडे बसलेली मुलं असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, डेटा एंट्रीच आहे ना?" हो, एंट्री आहेच. पण ती कामाचा शेवटचा पाव भाग. आधीचे तीन भाग माणूस शोधण्यात, त्याला बोलतं करण्यात आणि त्याचा मान राखण्यात जातात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी काम काय ते. बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणजे लठ्ठपणावरचं ऑपरेशन. गावात याला वजनाचं ऑपरेशन म्हणतात. काही जण 'चरबी काढायचं ऑपरेशन' म्हणतात, ते चूक आहे. इथे चरबी काढत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी थैली करून ती आतड्याला पुढे जोडतात. ऑपरेशन तासा-दोन तासांचं असलं तरी परिणाम पुढे आयुष्यभर चालतो. तो परिणाम देशभर एकाच पद्धतीनं लिहून ठेवायचा, म्हणजे रजिस्ट्री. एका ऑपरेशनची एक ओळ. आधीचं वजन, उंची, शुगर, बीपी, कुठलं ऑपरेशन झालं, पहिल्या तीस दिवसांत काय घडलं, आणि मग एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं, पाच वर्षं, जमलं तर दहा.

स्वीडनची अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली, ब्रिटनची २००९ साली. स्वीडनमधली जवळपास सगळी वजनाची ऑपरेशनं त्यांच्या वहीत येतात. याचं अर्धं श्रेय मी त्यांच्या ओळख क्रमांकाला देते. तिथे १९४७ पासून प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो आणि दवाखान्यापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत तोच चालतो. माणूस गाव बदलो, आडनाव बदलो, ओळ तुटत नाही. आपल्याकडे या शल्यचिकित्सकांच्या ऑसी या संघटनेची नोंदवही आहे, पण त्यात माहिती देणं ऐच्छिक आहे. ज्या रुग्णालयाला हौस आहे आणि माणूसबळ आहे, ते देतं. तुम्ही ते माणूसबळ असणार आहात.

आता आमच्याकडची ओळख बघा. बाईचं नाव ऑपरेशनच्या कागदावर सासरचं, दहावीच्या सनदेवर माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच. इंग्रजीत लिहिताना 'बाई' कधी जोडलेलं, कधी सुटं. जन्मतारीख म्हणाल तर आमच्या यादीतल्या कितीतरी लोकांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून दोन ओळी एकाच माणसाच्या समजू नका, आणि जुळली नाही म्हणून वेगळ्याही समजू नका. मी गाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, उंची आणि ऑपरेशनची तारीख अशा चार गोष्टी ताडून बघते. २०२१ पासून चौदा आकडी आभा हा आरोग्य ओळख क्रमांक देशभर सुरू झाला आहे. रुग्णाकडे असेल आणि त्याची हरकत नसेल तर तो जरूर लिहून घ्या. आधारची झेरॉक्स मात्र स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरू नका. ती तुमची नाही.

फोन नंबर हा सगळ्यात कच्चा दुवा. रिचार्ज संपतो, सिम बंद पडतं, पोरगा फोन घेऊन पुण्याला जातो. म्हणून रुग्ण भरती असतानाच तीन नंबर घ्या. आणि प्रत्येक नंबरापुढे एक गोष्ट लिहा, जी बहुतेक छापील फॉर्मवर नसते: या नंबरावरच्या माणसाला ऑपरेशनचं माहीत आहे का?

हे मी कशी शिकले ते सांगते. अकोल्याकडच्या एका मुलीचं ऑपरेशन लग्नाआधी झालं होतं. वजन उतरलं, स्थळ आलं, लग्न झालं. दोन वर्षांच्या फॉलोअपला मी नंबर लावला तर सासूनं उचलला. मी सरळ म्हणाले, "तुमच्या सुनेचं वजनाचं ऑपरेशन झालं होतं ना, त्याबद्दल बोलायचं होतं." पलीकडे शांतता. मग, "कोणतं ऑपरेशन व बाई?" त्या घरात पुढे काय काय झालं ते सगळं मला कळलं नाही. जेवढं कळलं तेवढंही इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "नागपूरहून बोलते आहे, ताईंशी बोलायचं होतं." दवाखाना नाही, ऑपरेशन नाही. खुद्द ताई फोनवर आल्या की आधी विचारायचं, आत्ता बोलायला मोकळीक आहे का? 'हो' आलं तरच पुढे. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. दोन्ही वाचाच. पण गोपनीयता म्हणजे काय ते मला त्या शांततेनं शिकवलं.

फोन केव्हा करायचा हेही शहरातल्या वेळापत्रकावर ठरत नाही. मृग लागला की पेरणी. तेव्हा कोणी तुमच्या व्हिटॅमिनबद्दल बोलणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, दिवाळीपासून पुढे कापूस वेचणी. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा मृग बहार आणि आंबिया बहार असे दोन हिशेब. पोळ्याच्या दोन दिवस आधी फोन केलात तर बैलांच्या साजाच्या गडबडीत तुमचा फोन कापला जाईल आणि ते बरोबरच आहे. संक्रांतीनंतर आणि लग्नसराईच्या आधी माझी सगळ्यात जास्त कामं होतात. फोन संध्याकाळी सात ते साडेआठ, स्वयंपाक आवरत आल्यावर. वर्षाचा फॉलोअप अगदी वर्षालाच व्हावा असं नसतं, आधी-नंतर थोडी मुदत असते. ती मुदत प्रत्येक नोंदवहीच्या नियमपुस्तिकेत लिहिलेली असते. ती पाहून हंगामाचा मेळ घाला.

प्रश्न कसा विचारता यावर अर्धं उत्तर ठरतं. "काही त्रास आहे का?" असं विचारलंत की आमच्याकडचं उत्तर एकच: "नाही जी, मस्त हाओ." पुसदकडच्या एका दादांनी मला असंच सांगितलं होतं. मी 'गुंतागुंत: नाही' लिहून मोकळी झाले. तीन महिन्यांनी त्यांच्या बायकोशी बोलताना कळलं की ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी पोटात दुखून त्यांना जवळच्या शहरातल्या दवाखान्यात चार दिवस सलाईन लावून ठेवलं होतं. मी विचारलं, दादा, सांगितलं काहून नाही? "तुम्ही तरास विचारला ना. थो तर गेला होता."

तेव्हापासून मी असं विचारते: ऑपरेशननंतर कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही कारणानं, एक रात्र तरी भरती व्हावं लागलं का? पुन्हा दुर्बीण घातली का? पुन्हा टाका घातला का? रक्त चढवलं का? कारण पहिल्या तीस दिवसांतली गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी या गोष्टी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात परत आल्या तरच तिथल्या कागदावर दिसतात. दीडशे किलोमीटर दूरचा माणूस रात्री दोन वाजता नागपूर गाठत नाही, तो जवळचा दवाखाना गाठतो. देशभराची नोंद ठेवायची तर हाच खड्डा आधी बुजवावा लागतो. गुंतागुंत किती गंभीर हे लिहायला क्लाव्हियन-डिंडो ही २००४ सालची पायरीवार पद्धत वापरतात. नुसत्या औषधावर भागलं तर खालची पायरी, पुन्हा ऑपरेशन लागलं तर तिसरी, आयसीयू लागला तर चौथी, मृत्यू झाला तर पाचवी. पायरी ठरवणं डॉक्टरांचं काम. त्यांना ठरवता येईल इतकी नेमकी हकिकत आणणं आपलं.

आता वजन. हे सगळ्यात सोपं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फोनवर सांगितलेलं वजन आणि मोजलेलं वजन यांसाठी फॉर्मवर वेगळा रकाना असेल तर तो प्रामाणिकपणे भरा, नसेल तर शेऱ्यात लिहा. लोक खोटं बोलतात असं नाही. ते मागच्या वेळचा आकडा सांगतात, किंवा जिमच्या काट्याचा, किंवा मनातला. मी आता २०० किलोचा सपाट काटा स्वतः घेऊन फिरते. गावात पोचले की किराणा दुकानातून शिक्का मारलेली दहा-दहा किलोची दोन वजनं मागून काटा तपासते. दुकानदार आधी बिचकतो, त्याला वाटतं वजनमापेवाली आली. काटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, एक पाय रुततो आणि किलो-दीड किलोचा फरक पडतो. फरशी शोधा, नाहीतर लाकडी पाट उलटा करून त्यावर ठेवा. चपला, शाल, पायातले तोडे, कमरेचा चाव्यांचा जुडगा, सगळं उतरवून. आणि खोलीत, दार लावून. ओट्यावर नाही.

उंचीकडे कोणी बघत नाही. ती एकदाच मोजतात, तीही घाईत. हिशेब करून पाहा. ११८ किलो वजनाच्या बाईची उंची १५५ सेंमी धरली तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा अंक, ४९.१ येतो. तीच १५७ लिहिली तर ४७.९. चप्पल काढायला लावली नाही एवढ्यानं एका अंकाहून जास्त फरक! ऑपरेशन कोणाला सुचवायचं हे याच अंकावर ठरतं. १९९१ च्या अमेरिकी निकषात ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५ असा आकडा होता. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला: आजार असो-नसो ३५, मधुमेहासारखा आजार असेल तर ३०. आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार २७.५ पासूनच करता येतो असंही त्यांनी म्हटलं, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावरची चरबी आणि शुगर जास्त दिसते. विम्याचे नियम मात्र अजून ४० आणि ३५ वरच आहेत. म्हणून विम्याच्या कागदावरची उंची-वजनं आणि ओपीडीच्या कागदावरची वेगळी दिसली तर गप्प बसून एक निवडू नका. विचारा.

त्याच बाईचा पुढचा हिशेब. वर्षानं तिचं वजन ८२ झालं. ३६ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या ३०.५ टक्के. हा सरळ आकडा. दुसरा एक प्रकार आहे, 'जास्तीच्या वजनातलं किती गेलं' असा. त्यात आधी 'योग्य वजन' ठरवावं लागतं. बीएमआय २५ योग्य धरला तर ६२ टक्के येतात, २३ धरला तर ५७. बाई तीच, काटा तोच, टक्के वेगळे. शिवाय सुरुवातीचं वजन कुठलं? ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, यकृत आकसून डॉक्टरांना जागा मिळावी म्हणून. त्यात दोन-चार किलो उतरतातच. पहिल्या भेटीचं वजन धरलं तर घट मोठी दिसते, ऑपरेशनच्या दिवशीचं धरलं तर छोटी. जाहिरातीत कुठलं वापरतात ते तुम्हीच ओळखा. आम्ही दोन्ही लिहितो, तारखेसकट. तुम्ही टक्के काढत बसूच नका, कच्चे किलो आणि सेंटिमीटर लिहा. टक्के यंत्र काढेल.

मधुमेहाचंही असंच. "शुगर गेली" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. कोणी गोळ्या चालू असताना शुगर नॉर्मल आली म्हणून म्हणतो, कोणी गोळ्या स्वतःच्याच मनानं बंद केल्या म्हणून. २०२१ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या स्पष्ट आहे: औषधं थांबवून किमान तीन महिने झाले आणि तरी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली, तरच त्याला 'रेमिशन' म्हणायचं. म्हणून रिपोर्टचा आकडा, रिपोर्टची तारीख आणि शेवटची गोळी केव्हा घेतली, या तिन्ही गोष्टी हव्यात. रिपोर्ट नसेल तर 'माहीत नाही' लिहा. त्यात कमीपणा नाही.

'नाही', 'माहीत नाही' आणि रिकामी जागा, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. मी आधी ज्या ठिकाणी काम करत होते तिथे एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं, "तुला नक्की माहीत नाही ना, मग नाही टाक." वर्षअखेरीस तक्त्यात गुंतागुंतीचं प्रमाण इतकं सुंदर दिसत होतं की मलाच लाज वाटली. मी जुने कागद काढून जमतील तेवढ्या ओळी दुरुस्त केल्या. प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि कारण लिहिलं. ते आवडलं नाही, आणि माझा करार पुढे वाढला नाही. नव्या लोकांना मी हे घाबरवायला सांगत नाही. असा प्रसंग येतो तेव्हा तुमच्या हातात लेखी नियमपुस्तिका हवी, म्हणजे भांडण तुमचं राहत नाही, नियमाचं होतं.

आणि आता ज्यासाठी एवढं फिरायचं ती गोष्ट. न आलेला रुग्ण.

समजा शंभर जणांचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी तीस आले. त्यातल्या चोवीस जणांचं वजन छान टिकलं आहे. रुग्णालय लिहिणार: ८० टक्के यश. पण सत्तर जणांचं काय? ते सगळे छान असतील तर यश ९४ टक्के, सगळे वाईट असतील तर २४. म्हणजे खरा आकडा २४ ते ९४ मध्ये कुठेतरी आहे, आणि ८० हा नुसता त्यातला एक. आमच्या कापूस बाजारात व्यापारी काट मारतो तेव्हा शेतकरी भांडतो, कारण कमी झालेला माल त्याला समोर दिसतो. इथे वजा झालेली माणसं कोणाला दिसत नाहीत.

कोण येत नाही? माझ्या अनुभवात तीन तऱ्हा. ज्याचं सगळं झकास चाललंय तो येत नाही: "येवढ्या दूर कशाले येऊ, बरी हाओ ना मी." ज्याचं वजन परत चढलं तो येत नाही, कारण डॉक्टर रागावतील. आणि जो वारला तो येत नाही. तिघांच्याही ओळी सारख्याच रिकाम्या दिसतात. वजन परत चढणं यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला, २,०१० ऑपरेशन झालेले आणि २,०३७ न झालेले लठ्ठ लोक. त्यांना वर्षानुवर्षं धरून ठेवलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे थोडं परत येणं हे ठरलेलंच. त्याच अभ्यासानं २००७ साली दाखवलं की ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू कमी झाले. पहिल्याच वर्षी वही मिटली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. वजन परत चढलं म्हणून न येणाऱ्या एका काकांना मी फोनवर हे असंच सांगितलं, टक्क्यांशिवाय: "काका, सगळ्यांचंच थोडं चढतं, तुमचंच नाही." ते पुढच्या सोमवारी आले.

मृत्यूची नोंद अवघड असते. मी फोनवर कधीच थेट विचारत नाही. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद असते, पण तिथे जाऊन अमुक माणूस वारला का, असं विचारताना आपण कोण आणि का विचारतो हे सांगावं लागतं, आणि तिथेच गोपनीयता फुटते. म्हणून आधी घरच्यांशी. कधी कळतं की माणूस अपघातात गेला, कधी हृदयविकारानं, कधी आमच्या भागात कापसाच्या वर्षात जे होतं ते. कारण जे सांगतील तेच लिहायचं, आपला अंदाज नाही. आणि त्या दिवशी दुसरा फोन करायचा नाही. हा माझा स्वतःचा नियम आहे, पुस्तिकेत नाही.

काही उत्तरं फॉर्ममध्ये भरून थांबायचं नसतं. सारखी उलटी होतेय, चालताना झोक जातोय, बोलण्यात गोंधळ आहे असं कोणी सांगितलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन. बी-वन जीवनसत्त्व संपलं की मेंदूला इजा होते आणि उशीर चालत नाही. बायपास झालेला माणूस शेतातून आला की अंगदुखीची गोळी मागतो, गावातले डॉक्टर दुखण्याचं इंजेक्शन देतात. त्यानं जोडणीच्या जागी अल्सर होऊ शकतो, म्हणून मी हा प्रश्न आवर्जून विचारते. मोहाची दारू बायपासनंतर फार लवकर चढते, हेही. नव्या लग्न झालेल्या मुलींना पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ न देण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, सासरी ते सांगायची चोरी असते. लोह, बी-१२, डी यांच्या गोळ्या जन्मभर. विकलेल्या मालाचे चुकारे अडकले की आधी त्याच बंद होतात. प्रोटीन पावडर परवडत नाही, तर मग अंडी, वरण, मोड आलेली मटकी, ताकातलं बेसन. ज्वारीची भाकर सुरुवातीला घशाखाली अडकते म्हणतात, कुस्करून दुधात भिजवून चालते. हे आहारतज्ज्ञांना विचारूनच सांगा, पण विचारा तरी.

लोक हसतात, विदर्भात कुठला आलाय लठ्ठपणा! मेळघाट म्हटलं की सगळ्यांना कुपोषण आठवतं. दोन्ही खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. माझ्या यादीत शिक्षक आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, संत्रा बागायतदार आहेत, आणि वावर विकून ऑपरेशन केलेले दोघं आहेत. त्या दोघांची नोंद तरी चुकू नये असं मला फार वाटतं.

कोणी म्हणतं, एवढ्या नोंदी ठेवून काय होतं? होतं. बायपास करताना आतड्याच्या पडद्यात फटी राहतात, त्यात नंतर आतडं अडकतं. त्या शिवायच्या की नाही यावर डॉक्टरांत मतभेद होते. स्वीडननं आपल्या नोंदवहीच्याच आधारानं १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर हे तपासलं आणि २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. फटी शिवल्या तर अडकण्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागणं कमी होतं, मात्र सुरुवातीच्या दिवसांत गुंतागुंत थोडी वाढते. आणि गावोगाव फिरून नोंदी ठेवणं परदेशातच जमतं असंही नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालते, देशातली पहिली. तिथले कार्यकर्ते गावात जाऊन माणसं हुडकत आले आहेत. मी निराश झाले की स्वीडनपेक्षा बार्शी आठवते.

नोकरीचं थोडक्यात. जाहिरातीत 'रजिस्ट्री कोऑर्डिनेटर', 'क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर', 'डेटा मॅनेजर' अशी नावं असतात. पदवी कुठलीही आरोग्याजवळची चालते. एक्सेल नीट यायला हवं, नोंदी भरायचं रेडकॅपसारखं सॉफ्टवेअर शिकून घ्या, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं. पगार सुरुवातीला बेताचा. प्रवासभत्ता आणि काट्याचे पैसे कोण देणार हे आधी लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं, पहिला काटा पदरमोड करून आणला. मुलाखतीत मी उमेदवाराला एकच काम देते: हा नंबर, हे नाव, हा माणूस तीन वर्षं आला नाही, काय कराल? जो लगेच फोन उचलतो त्याला मी थांबवते. जो विचारतो, "ह्या नंबरावर कोण उचलतं?" त्याला ठेवून घेते.

आणि हो, एसटीत काटा मांडीवर घेऊन बसा. सामानाच्या कप्प्यात टाकलात की दिग्रसपर्यंत त्याचा एक पाय वाकडा होतो.

त्या यवतमाळच्या काकूंचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी मी फोन सोडून पोस्टकार्ड टाकलं. त्यात ऑपरेशनचा शब्द नव्हता. फक्त 'त्या दिवशी माझं चुकलं' एवढं, आणि माझा नंबर. दीड महिन्यानं फोन आला. "ये मग. पन काटा घरी आन." मी गेले. त्यांनी दार लावलं, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "आता पाय तू बी, नाहीतर म्हणशील काकूनं मनचं सांगितलं." मी पाहिलं. त्यांनी वाचला होता तोच होता. तीन वर्षांच्या रकान्यात तो भरला, दोन वर्षांच्या रकान्यात 'माहीत नाही'.